सहा हजार कॉम्प्युटर कोणी मोजले?

मागच्या वर्षी माझ्या प्रगती अहवालाचं सादरीकरण होतं. समोर समिती, पडद्यावर माझी सातवी स्लाइड. तिच्यावर एक वाक्य होतं: '१९८८ च्या मॉरिस वर्ममुळे ६,००० संगणक, म्हणजेच तत्कालीन इंटरनेटचा १० टक्के भाग बाधित झाला.' खाली रीतसर संदर्भ. मी पुढच्या स्लाइडकडे वळणार, तेवढ्यात बाहेरून आलेले तज्ज्ञ सर म्हणाले, "थांबा जरा. हे सहा हजार मोजले कोणी?"

मी म्हटलं, "सर, संदर्भ दिलाय."

"संदर्भ दिलाय ते दिसतंय मला. मोजले कोणी, ते विचारतोय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एका पाठ्यपुस्तकाचा संदर्भ दिला होता, आणि त्या पाठ्यपुस्तकाने कुणाचा दिला होता हे मी उघडूनही पाहिलं नव्हतं. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि "बघून घ्या" एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "एवढं तोंड पाडू नकोस. पण आता तो आकडा सापडेपर्यंत चॅप्टर पुढे लिहायचा नाही."

तर मंडळी, आजचा लेख त्या आकड्याच्या शोधाचा आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण कोर्सवर्क संपवून सिनॉप्सिस लिहिताय. तुमचा विषय कॉम्प्युटर नसेल तरी वाचा. दुष्काळावर काम करा, गिरणी संपावर करा नाहीतर एखाद्या साथीच्या रोगावर, असा एक गोल आकडा तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये बसलेला असणार.

आधी घटना काय होती ते पाहू

२ नोव्हेंबर १९८८, बुधवार. रॉबर्ट टॅपन मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठात पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा. वय २२. म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच, नुकताच रिसर्चला लागलेला. त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता, जो एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर आपला आपण जायचा. तो कॉर्नेलमधून सुटलाय हे कळू नये म्हणून त्याने तो एमआयटीतल्या एका कॉम्प्युटरवरून सोडला. पुढे कोर्टासमोर आलं त्याप्रमाणे नेटवर्कची सुरक्षा किती कच्ची आहे ते दाखवणं हा त्याचा हेतू होता.

तेव्हाचं इंटरनेट म्हणजे विद्यापीठं, संशोधन संस्था, काही लष्करी केंद्रं आणि थोड्या कंपन्या. आपल्याकडे सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, त्याला अजून जवळपास सात वर्षं होती. बहुतेक ठिकाणच्या लोकांचा एकमेकांवर विश्वास होता, आणि मॉरिसचा प्रोग्रॅम त्या विश्वासातूनच आत शिरला. त्याचे मार्ग थोडक्यात सांगते, कारण पुढे आकडा तपासताना ते लागणार आहेत.

पहिला मार्ग ईमेलचा. 'सेंडमेल' हा पत्रं पोचवणारा प्रोग्रॅम. त्यात दुरुस्ती करणाऱ्यांच्या सोयीसाठी 'डीबग' नावाची एक सोय होती, आणि अनेक ठिकाणी ती बंद करायची राहून गेली होती. ती वापरली की पत्र घेणाऱ्याच्या नावाच्या जागी थेट हुकूम पाठवता यायचा.

दुसरा मार्ग 'फिंगर'चा. अमुक माणूस कोण आहे, आत्ता लॉगिन आहे का, हे दुसऱ्या मशीनला विचारायची ही सेवा. विचारलेला प्रश्न साठवायला तिने ५१२ अक्षरांची जागा ठेवलेली होती, पण येणारा मजकूर तेवढाच आहे का हे ती तपासत नव्हती. मॉरिसच्या प्रोग्रॅमने ५३६ अक्षरं पाठवली. कल्पना करा, सरकारी फॉर्मवर तुमचं नाव चौकोनांत मावलं नाही आणि उरलेली अक्षरं शेजारच्या 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी' या रकान्यात गेली. वर साहेबाने ती स्वतःच्याच कार्यालयाची नोंद समजून सही केली. तसंच काहीसं इथे झालं.

तिसरा मार्ग ओळखीचा. 'या शेजारच्या मशीनवरून कोणी आलं तर पासवर्ड विचारू नकोस' अशी यादी बऱ्याच मशीनवर असायची. चौथा मार्ग पासवर्ड ओळखण्याचा: माणसाचं नाव, आडनाव, नाव उलटं करून, मग सोबत आणलेली ४३२ शब्दांची यादी, मग मशीनवरचाच शब्दकोश. आजही घरच्या वायफायला स्वतःचं नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड ठेवणारे आपण १९८८ च्या लोकांना हसू नये.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हा प्रोग्रॅम फक्त दोन जातींच्या मशीनवर चालत होता: डिजिटल कंपनीचे व्हॅक्स आणि सन कंपनीचे सन-३, तेही बर्कले पद्धतीचं युनिक्स असेल तरच. त्यातही फिंगरचा मार्ग फक्त व्हॅक्ससाठी लिहिलेला होता. नेटवर्कवर इतर बनावटीची कितीतरी मशीन होती. त्यांना काही झालं नाही.

बंद करून परत चालू करा

प्रोग्रॅमने एकही फाइल पुसली नाही की काही चोरलं नाही. मग गोंधळ कशाचा झाला?

एका मशीनवर स्वतःच्या पन्नास प्रती होऊ नयेत म्हणून मॉरिसने त्यात एक तपासणी घातली होती: आत गेल्यावर 'इथे आधीच कोणी आहे का' असं विचारायचं. पण एखाद्या हुशार माणसाने खोटंच 'हो, आहे' असं उत्तर देणारा प्रोग्रॅम लावला तर? म्हणून त्याने ठरवलं की सातातून एकदा 'हो' असं उत्तर आलं तरी मुक्काम करायचाच. प्रसाराचा वेग त्याने भलताच कमी धरला होता. एकाच मशीनवर दर थोड्या वेळाने नवा पाहुणा यायला लागला आणि सातातला एक कायमचा राहायला लागला.

युटा विद्यापीठातल्या एका व्हॅक्सचं त्या रात्रीचं वर्णन तिथल्याच डॉन सीली यांनी लिहून ठेवलंय. मशीनसमोर किती कामं रांगेत उभी आहेत हे सांगणारा एक आकडा असतो, त्याला लोड म्हणतात. त्या वेळी रात्री तो साधारण १ असायचा. ५ च्या वर गेला की काम रेंगाळतं. त्या रात्री तो ५ झाला, मग ७, मग १६. मशीन नवीन काही चालूच करू देईना. सिस्टिम सांभाळणाऱ्याने घुसलेले प्रोग्रॅम शोधून मारले. वीसेक मिनिटांत लोड २७. मग त्याने तुम्हीआम्ही करतो तेच केलं, मशीन बंद करून परत चालू केलं. अर्ध्या तासात लोड ३७.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण तो आपल्या रोजच्या अनुभवाचा आहे. 'रिस्टार्ट करून बघा' हा सल्ला बिघाड मशीनच्या आत असेल तेव्हाच चालतो. इथे दुखणं शेजाऱ्याकडून येत होतं. मराठीत 'वर्म' म्हणजे नेमकं दुखरं ठिकाण. या इंग्रजी वर्मचं वर्म जोडणीत होतं. हे कळल्यावर अनेकांनी नेटवर्कची तारच काढली. पण त्याने दुसरी पंचाईत झाली, कारण उपाय सांगणारी पत्रंही त्याच तारेवरून येणार होती. हार्वर्डमधल्या मॉरिसच्या एका मित्राने निनावी पत्र टाकून वर्म कसा थांबवायचा ते सांगितलं होतं. तुंबलेल्या मार्गामुळे ते पत्र लोकांपर्यंत पोचलं तेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता.

मग बर्कले, एमआयटी, पर्ड्यू अशा ठिकाणची माणसं रात्रभर जागून तो प्रोग्रॅम उलगडत बसली. बर्कलेच्या लोकांनी दुरुस्त्या पाठवल्या. वर्म समोरच्या मशीनवर पोचल्यावर स्वतःचा एक छोटा तुकडा तिथेच कंपाइल करायचा, म्हणून काहींनी कंपायलरचं नावच बदलून ठेवलं. असा साधा उपायही चालला. एकदोन दिवसांत जोर ओसरला.

दरम्यान एका निनावी फोनवर बोलणाऱ्याच्या तोंडून न्यूयॉर्क टाइम्सच्या जॉन मार्कॉफ यांच्याशी 'आरटीएम' ही आद्याक्षरं निसटली. मार्कॉफनी फिंगर सेवेलाच विचारलं आणि पूर्ण नाव मिळालं. ५ नोव्हेंबरला बातमी आली की प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेतल्या संगणक सुरक्षेच्या बड्या शास्त्रज्ञाचा मुलगा आहे. त्या क्षणापासून ही गोष्ट देशभर गेली. आणि तिच्यासोबत एक आकडाही गेला.

आकड्याची वंशावळ

आता माझ्या कामाकडे येऊ. मॅडमनी सांगितलं होतं, "एक कोरा कागद घे. सर्वात खाली तुझं वाक्य लिही. त्याच्या वर तू ज्याचा संदर्भ दिलास त्याचं वाक्य. त्याच्या वर त्याने ज्याचा दिला त्याचं. वर वर जात राहा. वाक्य जसंच्या तसं उतरव, फक्त आकडा नको."

हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा निघाला. माझ्या वाक्यात होतं 'बाधित झाला'. पाठ्यपुस्तकात होतं 'सुमारे ६,०००'. त्याच्या वरच्या लेखात 'अंदाजे'. अजून वर 'असं सांगितलं जातं'. वरून खाली येताना आकडा बदललाच नाही. गळून पडला तो आजूबाजूचा संशय. आणि शेवटचा 'सुमारे' पुसला होता मी, स्लाइडवर जागा पुरत नव्हती म्हणून.

वर चढत चढत मी पोचले जून १९८९ च्या एका अहवालापर्यंत. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणारी संस्था तेव्हा जनरल अकाउंटिंग ऑफिस म्हणून ओळखली जायची. या घटनेवर तिने सविस्तर अहवाल दिलाय, तो सरकारी असल्यामुळे आज कोणालाही वाचता येतो. त्यात सहा हजारांचं मूळ सरळ सांगितलंय. एमआयटीचा अंदाज होता की त्यांच्या मशीनपैकी १० टक्के बाधित झाली. सगळ्या इंटरनेटवर साधारण ६०,००० मशीन आहेत असं धरलं. साठ हजाराचे दहा टक्के, सहा हजार.

म्हणजे माझ्या स्लाइडवर 'सहा हजार, म्हणजेच १० टक्के' असं जे होतं, ते दोन वेगवेगळे पुरावे नव्हतेच. दहा टक्के आधी धरले होते, त्यातून सहा हजार निघाले, आणि मी त्या सहा हजारांवरून परत दहा टक्के 'सिद्ध' करत होते. स्वतःच्या सावलीला साक्षीदार म्हणून उभं करण्यातला प्रकार.

याला दुजोरा देणारी दुसरी साक्षही आहे. पॉल ग्रॅहम हा तेव्हा हार्वर्डमध्ये असलेला मॉरिसचा मित्र. १९९५ मध्ये या दोघांनी मिळून व्हायावेब ही कंपनी काढली आणि १९९८ मध्ये ती याहूने विकत घेतली. ग्रॅहमने नंतर लिहिलेल्या एका निबंधाच्या टिपेत सांगितलंय की हा आकडा शिजला तेव्हा आपण तिथे होतो: कोणीतरी नेटवर साठ हजार मशीन असतील असा अंदाज केला, आणि त्यातली दहा टक्के सापडली असतील असा दुसरा.

गंमत म्हणजे त्याच निबंधात तो स्वतःच्या कंपनीचाही असाच किस्सा सांगतो. वेबवर सुमारे पाच हजार दुकानं असतील असा त्यांनी ढोबळ हिशेब केला, एका वर्तमानपत्रात तो छापून आणला, आणि मग इतरांना त्या छापील आकड्याचा दाखला देत म्हणू लागले की आमची हजार दुकानं म्हणजे बाजाराचा वीस टक्के हिस्सा. छापून आलं की अंदाज 'माहिती' होतो, हे त्याने कबूलच केलंय.

इथे थांबून विचार करा. ग्रॅहमची साक्ष कितपत धरायची? तो मॉरिसचा मित्र आणि भागीदार. आकडा लहान दिसण्यात त्याला रस असू शकतो. शिवाय त्याने हे बऱ्याच वर्षांनी लिहिलंय. सरकारी अहवाल घटनेनंतर सात महिन्यांत आलेला, आणि त्याचं नावच सांगतं की इंटरनेटच्या व्यवस्थापनात सुधारणा हवी असं त्याला म्हणायचंय. म्हणजे आकडा मोठा दिसला तर त्याचं बिघडत नव्हतं. दोघांचे कल उलटे, तरी दोघेही आकड्याची पाककृती एकच सांगतात. म्हणून मी ती मान्य केली. उलट्या दिशेला कललेल्या दोन साक्षी एकाच जागी भेटल्या की तिथली जमीन जरा घट्ट असते.

आता आकडा तपासू

अंदाज आहे म्हणून टाकून द्यायचा का? नाही. अंदाजाचे भाग सुटे करायचे आणि एकेक तपासायचा. इथे दोनच भाग आहेत.

पहिला भाग साठ हजार. याची तपासणी करता येते. मार्क लॉटर यांनी १९८१ ते १९९१ या काळात इंटरनेटवर किती मशीन नोंदलेली होती त्याचा तक्ता तयार केला, तो जानेवारी १९९२ मध्ये आरएफसी १२९६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्यात जुलै १९८८ ला ३३,०००, ऑक्टोबर १९८८ ला ५६,००० आणि जानेवारी १९८९ ला ८०,००० असे आकडे आहेत. नोंदलेलं प्रत्येक मशीन त्या रात्री चालू होतं असं नाही. तरी नोव्हेंबरच्या सुरुवातीला साठ हजार हा अंदाज चांगलाच म्हणायला हवा. पण हेही बघा की सहा महिन्यांत संख्या दुपटीहून वाढली. 'त्या वर्षी इंटरनेटवर इतकी मशीन होती' असं वाक्य कोणी लिहिलं तर विचारा, कोणत्या महिन्यात?

दुसरा भाग दहा टक्के, आणि खरी गडबड इथे आहे. ते दहा टक्के एका संस्थेचे होते. वर्म फक्त व्हॅक्स आणि सन-३ वर चालायचा हे वर सांगितलंय. ज्या संस्थेत अशी मशीन जास्त, तिथे प्रमाण जास्त. जिथे दुसऱ्या बनावटीची, तिथे शून्य. म्हणजे पुण्याच्या एका पेठेत किती घरांत पाणी शिरलं ते पाहून अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा काढण्यासारखं झालं. नदीकाठची पेठ असेल तर आकडा फुगणार, टेकडीवरची असेल तर पूर आलाच नाही असं वाटणार. सरकारी अहवालानेही हे बजावलंय की सगळ्या ठिकाणी धोक्यातल्या मशीनचं प्रमाण एमआयटीइतकंच असेल असं नाही. त्याच अहवालात हार्वर्डमधल्या एका संशोधकाचा दाखला आहे, ज्याने नेटवरून लोकांना विचारून १,००० ते ३,००० हा अंदाज काढला होता. ऑक्टोबरच्या ५६,००० शी ताडून पाहिलं तर हे साधारण २ ते ५ टक्के होतात.

तिसराच आकडा बरोबर आणि सहा हजार चूक, असं मी म्हणत नाहीये. नेटवरून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कोण देतं आणि कोण गप्प बसतं, हाही प्रश्न आहेच. आपल्या घरात चोर शिरला होता हे सांगायला सगळेच पुढे येत नाहीत. पण निदान त्या संशोधकाने एकाहून जास्त ठिकाणी विचारलं होतं, आणि एकच आकडा न देता दोन टोकं दिली होती. ज्याला आपण काय मोजलं आणि काय मोजलं नाही हे ठाऊक असतं तो बहुधा दोन टोकंच देतो.

कोर्टाला सहा हजार लागलेच नाहीत

मला वाटत होतं, निदान खटल्याच्या कागदांत पक्का आकडा असेल. मॉरिसवर १९८६ च्या संगणक गैरवापराच्या कायद्याखाली खटला झाला. जानेवारी १९९० मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं. मे महिन्यात शिक्षा झाली: तीन वर्षं देखरेखीखाली मोकळीक, ४०० तास समाजसेवा, १०,०५० डॉलर दंड. १९९१ मध्ये अपील फेटाळलं गेलं.

अपिलाचा निकाल मी आशेने उघडला. तिथे मिळाला तो वेगळाच हिशेब: एकेका ठिकाणी वर्म निस्तरायचा अंदाजे खर्च २०० डॉलरपासून ५३,००० डॉलरच्या वर. कारण कायद्याला हवं होतं ते १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त नुकसान. ते सिद्ध झालं की काम झालं. एकूण किती मशीन, हा प्रश्न न्यायाधीशांपुढे नव्हताच.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला आकडा हवा असतो, त्याला तो कशासाठी तरी हवा असतो. कोर्टाला एक उंबरठा ओलांडल्याचा पुरावा हवा होता, त्याने तेवढाच आकडा घेतला. पत्रकारांना दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी एक संख्या हवी होती, त्यांना एक संख्या मिळाली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेने त्याच नोव्हेंबरमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे तातडीचं मदतकेंद्र उभं केलं. त्यासाठी नेमका आकडा लागला नाही, कोणाला फोन करायचा हेच कुणाला माहीत नव्हतं एवढं कारण पुरेसं होतं. प्रत्येकाने आपल्या गरजेपुरतं मोजलं. 'एकूण किती' हे पूर्ण मोजायचं काम कोणाचंच नव्हतं, म्हणून ते कोणी केलं नाही. आणि कितीतरी वर्षांनी माझ्यासारखी विद्यार्थिनी येऊन ते झालंय असं धरून चालली.

शोधताना मी पडले ते दोन खड्डे

हे तुम्ही टाळावेत म्हणून सांगते.

पहिला खड्डा नावाचा. सुरुवातीचे दोन आठवडे मी फक्त 'वर्म' हा शब्द टाकून शोधत होते. त्यामुळे सरकारी अहवाल मला सापडलाच नाही, कारण त्याच्या नावात 'व्हायरस' आहे. एमआयटीच्या मार्क आयकिन आणि जॉन रॉकलिस यांचा शोधनिबंधही 'व्हायरस' म्हणतो. पर्ड्यूचे जीन स्पॅफर्ड 'वर्म' म्हणतात. दुसऱ्या प्रोग्रॅमला चिकटून पसरतो तो व्हायरस आणि स्वतःच्या पायांनी फिरतो तो वर्म, हा फरक तेव्हा वादाचा होता आणि आज रूढ झालाय. आजचं नाव घेऊन कालच्या कागदांत शोधलं की अर्धे कागद हाती लागत नाहीत. तुमच्या विषयातही बघा. जुन्या कागदांत 'मुंबई' शोधून भागणार नाही, 'बॉम्बे' आणि 'मुंबापुरी' दोन्ही शोधावं लागेल.

दुसरा खड्डा वेळेचा. दोन वर्णनांत एकच गोष्ट वेगवेगळ्या तासाला घडलेली दिसली आणि मी 'साधनांत विसंगती' असं मोठ्या थाटात टिपून ठेवलं. मग लक्षात आलं, अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक आहे, आणि जो तो आपल्या सोयीच्या घड्याळाने लिहितो. विसंगती माझ्या अज्ञानात होती. एखाद्या साधनाला खोटं ठरवण्याआधी त्याचं घड्याळ, त्याचं माप आणि त्याचं चलन विचारून घ्या.

मग शेवटी लिहिलं काय?

माझं आताचं वाक्य असं आहे: 'बाधित संगणकांची प्रत्यक्ष मोजणी झाली नाही. बहुधा उद्धृत होणारा ६,००० हा आकडा एमआयटीतील सुमारे १० टक्के या अंदाजाला नेटवरील सुमारे ६०,००० संगणकांनी गुणून काढलेला आहे. १९८९ च्या सरकारी अहवालात १,००० ते ३,००० हा पर्यायी अंदाजही नोंदलेला आहे.'

पहिल्या वाक्यापेक्षा हे चौपट लांब आहे आणि स्लाइडवर मुळीच शोभत नाही. पण या वाक्यावर कोणी 'मोजले कोणी' असं विचारलं, तर उत्तर त्यातच आहे. पुढच्या सादरीकरणात त्याच सरांनी ते वाचलं, मान हलवली आणि पुढचा प्रश्न दुसऱ्याच स्लाइडवर विचारला. एका वाक्यासाठी सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांतून माझ्या चॅप्टरला एक अख्खा विभाग मिळाला, तो म्हणजे संगणक सुरक्षेच्या इतिहासात आकडे कसे तयार होतात. शोधायला निघाले नसते तर तो सुचलाच नसता.

आज बातम्यांत रोज येतं, इतक्या कोटी लोकांचा डेटा फुटला, इतक्या लाख फोनमध्ये घातक ॲप सापडलं. ते सगळं खोटं असतं असं मला म्हणायचं नाही. मॉरिसचा वर्मही खराच होता, त्याने घातलेला गोंधळही खरा होता. वर्मचा सोर्स कोड असलेली फ्लॉपी आजही कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. घटना खरी असते म्हणूनच तिच्या पाठीवर बसलेला आकडा आपण तपासत नाही.

आता तुमचं काम. आज रात्री तुमचं सिनॉप्सिस उघडा. त्यातला सगळ्यात गोल आणि सगळ्यात आवडता आकडा निवडा. बहुतेक तो पहिल्याच परिच्छेदात असेल. कोरा कागद घ्या, तळाला तुमचं वाक्य लिहा, आणि वर चढायला लागा. प्रत्येक पायरीवर वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि 'सुमारे' कुठे गळाला तिथे खूण करा. सर्वात वर मोजणारा माणूस भेटला तर उत्तम, त्याने कसं मोजलं ते वाचा. कोणीच भेटलं नाही तरी घाबरू नका. 'मोजलं गेलं नाही' हीसुद्धा माहितीच आहे, आणि ती तुमच्या प्रबंधात पहिल्यांदा लिहिली जात असेल.

फक्त हे काम समितीसमोर उभं राहायच्या आधी करा. माझ्यासारखं नंतर नको.